इंग्रजीचा तास आणि गोष्ट

पहिलीपासून हिंदी शिकवावी की न शिकवावी, यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जो गदारोळ उठला तो वाचकांच्या स्मरणात असेलच. शासनाने एप्रिलमध्ये आदेश काढला, जूनमध्ये त्याला मुरड घातली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो मागे घेतला. सभा झाल्या, पत्रके निघाली, अग्रलेख लिहिले गेले. या साऱ्या वादात दोनच प्रश्न पुनःपुन्हा विचारले गेले : भाषा कोणती, आणि कोणत्या इयत्तेपासून? ती भाषा वर्गात शिकवायची कशी, हा तिसरा प्रश्न मात्र जवळजवळ कोणीच विचारला नाही. २००० साली मराठी शाळांत पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी आणले गेले, तेव्हाही असेच घडले होते. चार वर्षे वाढविली म्हणजे भाषा आपोआप येईल, असा एक भाबडा हिशेब त्या निर्णयामागे होता. हिशेब हा माझ्या विषयाचा भाग असल्यामुळे त्याबद्दल चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रस्तुत लेखक भाषाशिक्षणातील तज्ज्ञ नव्हे. नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकविणे हा माझा व्यवसाय. पण शेतात काय पेरले आणि खत कोणते घातले हे अडत्याला ठाऊक नसले, तरी माल कसा आला ते त्याला गोणी उघडताक्षणीच कळते. आमच्या वर्गात येणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. रोज एक तास आणि वर्षाचे दोनशे दिवस एवढेच धरले तरी हे चोवीसशे तास होतात. चोवीसशे तासांत मनुष्य सुतारकाम शिकेल, तबला शिकेल, मोटारीचे इंजिन उघडून पुन्हा बसवील. आमचा विद्यार्थी कर्तरी वाक्याचे कर्मणी करून दाखवितो, अप्रत्यक्ष कथनाचे नियम घडाघडा म्हणतो. परंतु ‘सुट्टीत काय केलेस?’ या प्रश्नाला इंग्रजीत तीन सरळ वाक्ये त्याच्याने सांगवत नाहीत. इतकी मोठी गुंतवणूक आणि इतके तुटपुंजे उत्पन्न असलेला धंदा कोणत्याही व्यापाऱ्याने केव्हाच बंद केला असता. आपण मात्र त्यात आणखी चार वर्षांचे भांडवल ओतले.

याचे खापर शिक्षकांच्या डोक्यावर फोडणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचे आहे. दोष पद्धतीत आहे. आपण भाषा शिकवीत नाही, भाषेविषयीची माहिती शिकवितो. पोहण्यावरचे व्याख्यान ऐकून कोणी विहिरीत उडी घेत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांना इंग्रजी शिकविले, हे खरे. तथापि त्या पिढ्यांतील मूठभर मुलेच इंग्रजी शाळेची पायरी चढत, त्यांची नोकरी त्या भाषेवर अवलंबून असे, आणि शाळेतील इतर विषयही त्यांना इंग्रजीतूनच शिकावे लागत. पाठमालेच्या भोवती भाषेचे पाणी भरपूर होते. आज नंदुरबारच्या किंवा वाशीमच्या खेड्यातील मुलाला इंग्रजी ऐकू येते ते त्या एका तासात, आणि त्यातही निम्मा वेळ मराठीतून अर्थ सांगण्यात जातो. शासकीय कागदोपत्री इंग्रजीला काहीही म्हणोत, त्या मुलाच्या दृष्टीने ती परकी भाषाच आहे, आणि परकी भाषा म्हणूनच ती शिकविली पाहिजे.

अशा वर्गात गोष्टीला स्थान असावे, किंबहुना पहिले स्थान असावे, असे माझे मत आहे. मत नवे नाही. विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात तरबेज केले ते गोष्टी सांगून, हे आपण लहानपणीच ऐकलेले असते. कीर्तनकार पूर्वरंगात वेदान्ताचे निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. संस्कृताचे एक अक्षरही न शिकलेली म्हातारी पूर्वरंगात पेंगली, तरी आख्यानात सावध होऊन बसते आणि घरी जाताना चार संस्कृत शब्द पदरात बांधून नेते. त्या शब्दांचे अर्थ तिला कोणी सांगितलेले नसतात. कथेच्या ओघात ते तिला लागतात.

याहून चमत्कारिक उदाहरण आपल्याच भाषेचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मराठी ही काही गोऱ्या मंडळींची परकी भाषा होती. कंपनी सरकारच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, आणि तेथे मराठी शिकविण्याचे काम विल्यम कॅरेकडे आले. कॅरेने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, १८१० मध्ये कोश छापला. पण केवळ व्याकरण आणि कोश हाती देऊन भागत नाही, हे त्याच्या ध्यानात आले असले पाहिजे. कारण त्यानंतर वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने श्रीरामपूरच्या छापखान्यातून मोडी टायपात बाहेर पडली ती ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४) आणि पाठोपाठ ‘हितोपदेश’ (१८१५). मराठी गद्याची अगदी आरंभीची छापील पुस्तके परकी माणसांना भाषा शिकविण्यासाठी निघाली आणि ती गोष्टींची होती, या योगायोगाकडे आपल्या शिक्षणखात्याने थोडे लक्ष द्यायला हरकत नव्हती.

चिमणीचे दार

गोष्टीने भाषा येते म्हणजे नेमके काय होते? आपण सर्वांना पाठ असलेली चिमणी-कावळ्याची गोष्ट घेऊ. पावसात घर वाहून गेलेला कावळा चिमणीचे दार ठोठावतो. चिमणी आतून सांगते, थांब, मी बाळाला न्हाऊ घालते आहे. कावळा पुन्हा ठोठावतो. थांब, मी बाळाचे अंग पुसते आहे. मग तीट लावते आहे, मग काजळ घालते आहे, मग निजविते आहे. आता हीच गोष्ट इंग्रजीत सांगून पाहा. ‘वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी.’ ‘वेट, आय ॲम ड्रेसिंग माय बेबी.’ चालू वर्तमानकाळाची आठ-दहा वाक्ये ओळीने येतात, आणि एकाही मुलाला कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक वेळी दार उघडते की नाही याची त्याला उत्कंठा असते. तीच वाक्ये फळ्यावर लिहून ‘पुढील वाक्ये चालू वर्तमानकाळात लिहा’ असे म्हटले, तर तिसऱ्या वाक्याला वर्ग जांभया देऊ लागतो.

भाषा शिकण्याला पुनरावृत्ती लागते, आणि पुनरावृत्तीइतकी कंटाळवाणी दुसरी गोष्ट नाही, हा भाषाशिक्षकाचा जुना पेच आहे. लोककथांनी तो शेकडो वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला आहे. भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीचेच घ्या. कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, आणि प्रत्येकाला ती तेच सांगते की लेकीकडे जाऊन, चांगली लठ्ठ होऊन येते, मग मला खा. भविष्यकाळ शिकविण्यासाठी याहून चांगला पाठ पाठ्यपुस्तक मंडळाची समिती बसली तरी तिला सुचणार नाही.

शिवाय कथानक ओळखीचे असले की मुलाचे निम्मे ओझे उतरते. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते, तेव्हा त्याचे सारे लक्ष ते कसे सांगितले जाते याकडे जाते. अनोळखी शब्द आला तरी तो अडखळत नाही. अंदाजाने पुढे सरकतो, आणि तोच शब्द तिसऱ्यांदा आला की त्याचा होऊन जातो. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या सुमारास जो सिद्धान्त मांडला त्याचा गाभा हाच आहे : समजेल अशी, आणि आपल्या पातळीच्या जराशी वरची भाषा पुष्कळ कानांवर पडली म्हणजे ती अंगवळणी पडते. त्यांचे सगळेच म्हणणे सर्वांना मान्य नाही. केवळ ऐकून भागत नाही, बोलावेही लागते, असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे व तो मला पटतो. म्हणूनच गोष्ट सांगून शिक्षकाने थांबू नये. एका मुलाने एक वाक्य, दुसऱ्याने पुढचे, अशी साखळीने ती पुन्हा सांगवून घ्यावी. मग कावळ्याच्या तोंडून सांगवावी, म्हणजे तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष आपोआप होतो. मग शेवट बदलायला सांगावे. चिमणीने पहिल्याच ठोठावण्याला दार उघडले असते तर, असे विचारले की व्याकरणात संकेतार्थ ज्याला म्हणतात तो मुलांच्या तोंडी येतो, आणि त्याचे नावही घ्यावे लागत नाही.

केम्ब्रिजने १९८३ साली जॉन मॉर्गन आणि मारिओ रिन्वोलुक्री यांचे या विषयावरचे पुस्तक काढले. तेव्हापासून पाश्चात्त्य देशांतील भाषावर्गांत अशा कृती चांगल्याच रुळल्या आहेत. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गोष्टींवर आधारलेल्या अध्यापनाचा उल्लेख आला आहे. धोरणात उल्लेख असणे आणि वर्गात गोष्ट ऐकू येणे यांत मात्र आपल्या देशात बरेच अंतर असते.

फिजीचा धडा

हे सारे भावनेच्या भरात लिहिले आहे असे कोणास वाटेल, म्हणून एका प्रयोगाची हकीकत देतो. प्रयोग फिजी बेटांवरचा आहे. गिरमिटावर गेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज आणि मूळचे फिजीयन अशा दोन्ही समाजांची मुले तेथील खेड्यांतल्या शाळांत शिकतात आणि इंग्रजी दोघांनाही घरची भाषा नाही. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या दोन संशोधकांनी पुस्तकांची वानवा असलेल्या आठ ग्रामीण शाळा निवडल्या. चौथी-पाचवीच्या वर्गांतील ३८० मुलांना दर वर्गामागे अडीचशे चित्रमय गोष्टींची इंग्रजी पुस्तके दिली. काही वर्गांत शिक्षक पुस्तक सर्वांसमोर धरून वाचत, मुलांशी त्यावर बोलत. काही वर्गांत मुले रोज ठराविक वेळ मुकाट्याने आपापले पुस्तक वाचीत. तुलनेसाठी २३४ मुले नेहमीच्या, वाक्यरचना घोकविणाऱ्या अभ्यासक्रमाने शिकत राहिली. आठ महिन्यांनी परीक्षा घेतली तेव्हा गोष्टीवाल्या मुलांची वाचनातील आणि ऐकून समजण्यातील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झालेली आढळली. वीस महिन्यांनी हा फरक आणखी वाढला आणि भाषेच्या इतर अंगांतही उतरला. हा अहवाल १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्याला चार दशके उलटून गेली.

यातला खर्च मोजून पाहू. एका चित्रमय पुस्तकाला पन्नास रुपये धरले, तर अडीचशे पुस्तकांना साडेबारा हजार रुपये लागतात. ती पाच वर्षे टिकली आणि वर्गात चाळीस मुले असली, तर दर मुलामागे वर्षाला साडेबासष्ट रुपये पडतात. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था मुलांची स्वस्त पुस्तके काढीत आल्या आहेत. २००४ साली निघालेल्या प्रथम बुक्सने तर शेकडो गोष्टी फुकट उपलब्ध करून दिल्या आहेत. याउलट एका डिजिटल फळ्याला याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागते, आणि वीज गेली की तो साधा फळा म्हणूनही उपयोगी पडत नाही. तरी खरेदीच्या यादीत फळा वर आणि पुस्तके खाली. फळ्याचे उद्घाटन करता येते. अडीचशे चिटुकल्या पुस्तकांचे करता येत नाही, एवढेच त्याचे कारण मला दिसते.

आता आक्षेपांकडे वळू. वर्गात साठ-सत्तर मुले असतात, गोंगाट होतो, हा पहिला. मला तो फारसा जड वाटत नाही, कारण साठ मुलांना एकाच वेळी गप्प बसविण्याची शक्ती ज्या थोड्या गोष्टींत आहे त्यांत गोष्ट ही एक आहे. शिक्षकाचेच इंग्रजी कच्चे आहे, हा दुसरा, आणि तो खरा आहे. पण कच्चे इंग्रजी असलेला शिक्षक व्याकरण शिकवू शकतो आणि पन्नास वाक्यांची गोष्ट शिकून सांगू शकत नाही, हे मला समजत नाही. वर्षाला अशा दहा गोष्टी नीट बसविल्या तर शिक्षकाचेही इंग्रजी सुधारेल. प्रशिक्षणाच्या नावाखाली त्याला तीन-तीन दिवस भाषणे ऐकवितो, त्याऐवजी त्या तीन दिवसांत त्याच्याकडून तीन गोष्टी बसवून घ्याव्यात. तिसरा आक्षेप परीक्षेचा. तो सर्वांत अवघड आहे.

गोष्ट आपल्या परीक्षेत नाही असे नव्हे. दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे. आणि त्यासाठी मुले काय करतात? मार्गदर्शकातील पाच गोष्टी पाठ करतात. तहानलेला कावळा, ससा आणि कासव, लाकूडतोड्या. मुद्दे कोणतेही असोत, त्यांतली जवळची गोष्ट ओतायची आणि खाली ‘मॉरल’ असे लिहून एक ओळ टाकायची. त्या ओळीला गुण राखून ठेवलेले असतात. शिकविण्याचे एवढे चांगले साधन आपण पाठांतराच्या खात्यात जमा केले. तात्पर्याचा तर मला विशेष राग आहे. चांगल्या रंगलेल्या गोष्टीनंतर ‘यावरून आपण काय शिकलो?’ असे विचारणारा शिक्षक जेवण झाल्यावर पाहुण्याला पदार्थांची यादी म्हणायला लावणाऱ्या यजमानासारखा असतो.

गोष्टीने सगळे साधते असाही माझा दावा नाही. अर्ज लिहिणे, ताळेबंद वाचणे, बँकेच्या पत्राला उत्तर देणे यांसाठी वेगळी भाषा लागते आणि ती वेगळी शिकवावी लागते. स्पेलिंग घोकावेच लागते. व्याकरणालाही सुट्टी देता येत नाही. फक्त त्याची पाळी नंतर यावी.

महाविद्यालयातील माझा स्वतःचा अनुभव सांगून लेख आटोपता घेतो. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत एबीसीडी गिरविली आणि पदव्युत्तर वर्गात सॅम्युएलसनचा जाडजूड ग्रंथ मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचला. त्यामुळे या मुलांची अडचण मला परकी नाही. चार-पाच वर्षांपूर्वी मी प्रथम वर्षाच्या वर्गात शनिवारचा शेवटचा तास गोष्टीसाठी ठेवला. प्रारंभ ॲडम स्मिथच्या टाचणीच्या कारखान्याने केला. १७७६ च्या त्या ग्रंथात स्मिथने वर्णिलेली दहा माणसे, एक तार ओढतो, दुसरा सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो, आणि दिवसाकाठी अठ्ठेचाळीस हजारांवर टाचण्या होतात, हे मी अगदी साध्या इंग्रजीत, हातवारे करून सांगितले. पुढल्या आठवड्यात मुलांनी तोच कारखाना गावातल्या पापडाच्या उद्योगावर बसवून सांगितला. मोडके इंग्रजी होते, पण श्रमविभागणी त्यांना त्या वर्षी जशी समजली तशी पूर्वी कधी समजली नव्हती.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी आमच्या भागातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. त्या शनिवारी, वर्षभरात एक शब्दही न बोललेली एक मुलगी उभी राहिली. तिने अकरा वाक्ये सांगितली. ‘माय फादर गो मार्केट. ही टेक ट्रॅक्टर. ऑक्शन नॉट हॅपन.’ लाल कांदा चाळीत टिकत नाही, हे इंग्रजीत कसे सांगावे ते तिला सुचेना; वर्गातून तिघा-चौघांनी शब्द पुरविले. वडील रात्री भरलेला ट्रॅक्टर घेऊन परत आले आणि जेवले नाहीत, येथे ती थांबली. वर्ग नि:शब्द होता. नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून ती अकरा वाक्ये फळ्यावर लिहिली. ‘गो’चे ‘वेन्ट’ झाले, ‘टेक’चे ‘टुक’ झाले. भूतकाळाची ती रूपे आठ वर्षे तक्त्यात पाठ केलेली मुले प्रथमच ती वापरीत होती. ‘एक्सपोर्ट’, ‘बॅन’, ‘पेरिशेबल’ हे शब्द त्या वर्षी कोणाला विचारावे लागले नाहीत. ती मुलगी पुढे पदवीच्या शेवटच्या वर्षी एका सहकारी पतसंस्थेच्या मुलाखतीला गेली. निवड झाली नाही. मराठीत उत्तम सांगणाऱ्या मुलीला इंग्रजी प्रश्नाने अडविले होते. परत आल्यावर मला म्हणाली, ‘सर, पहिल्या वर्षानंतर तो तास झालाच नाही ना.’

तिचे म्हणणे खरे होते. द्वितीय वर्षाला तो तास वेळापत्रकात बसला नाही. यंदा मी परीक्षा समितीपुढे अर्ज ठेवला की अंतर्गत मूल्यमापनातील दहा गुण, लेखी चाचणीऐवजी, विद्यार्थ्याने आपल्या घरच्या व्यवहारातील एक प्रसंग इंग्रजीत तोंडी सांगण्यासाठी द्यावेत. समितीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अर्ज वाचून विचारले, ‘तोंडी सांगितलेल्या गोष्टीचे दप्तर कसे ठेवणार? तपासणीला काय दाखवणार?’ प्रश्न रास्त होता. मी सांगितले की गुणपत्रिकेशेजारी प्रत्येक गोष्टीचे नाव लिहू आणि विद्यार्थ्याची सही घेऊ. अर्ज पुढील बैठकीत विचारासाठी ठेवला आहे.